‘घरचं’

दर रविवारी सकाळी अकरा वाजता मी टीव्हीवर वर्तमानपत्रांची सालटी काढते. कुणी काय छापलं, काय दडपलं, कुठल्या पेपरचा मालक कोण. माझा सख्खा दादा अशाच एका पेपरात उपसंपादक आहे. टीव्हीवर मी सासरचं आडनाव लावते, त्यामुळे त्याच्या ऑफिसात आमचं नातं कुणाला ठाऊक नाही.

त्याच्या मालकांचा सिमेंटचा कारखाना आहे. तिथे भिंत कोसळून दोन कामगार गेले, तेव्हा पेपरात सातव्या पानावर चार ओळी आल्या, त्याही कारखान्याचं नाव गाळून. दादाकडे जेवायला गेले होते, तेव्हा मी त्याला टोचलंच.

"मी काय करणार? बातमीवर ‘घरचं’ असा शेरा होता," तो म्हणाला. "मालकांच्या धंद्याचं काही असलं की वरून तसं लिहून येतं. मग आम्ही हात लावायचा नाही." लगेच त्याने जीभ चावली. "हे कुठे बोलू नकोस हं."

"वेडा आहेस का?" मी म्हणाले.

रविवारी बोलले. दादाचा उल्लेख टाळला, पण तो शब्द काही मला सोडवेना. पडद्यावर ठळक अक्षरांत ‘घरचं’ झळकलं आणि निर्मात्याने सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

सोमवारी दादाच्या ऑफिसात चौकशी सुरू झाली. तो शेरा बघणारी माणसं तीनच: मालकांच्या खास मर्जीतले मुख्य उपसंपादक, दादा आणि मुद्रितं तपासणाऱ्या बाई. बाई कँटीनमध्ये माझ्या कार्यक्रमाचं तोंडभरून कौतुक करायच्या, तेवढं पुरलं. त्यांची एकोणीस वर्षांची नोकरी दुपारपर्यंत गेली. दादा समोरच्याच खुर्चीत खाली मान घालून बसला होता.

"मी बोललो असतो गं," संध्याकाळी तो म्हणाला. "पण तुझ्या वहिनीला आठवा लागलाय. तू तरी गप्प राहा."

मला त्याची चीड आली आणि माझी त्याहून जास्त. तो निदान घाबरला तरी होता. मला टाळ्या हव्या होत्या.

बुधवारी बाईंचा फोन आला. "कुणी सांगितलं ते नका सांगू. मी नव्हते, एवढंच त्यांना कळवा. तुमचं ऐकतील ते."

बाई नाहीत म्हटल्यावर उरणार कोण, हे मला कळत होतं. मी कार्यक्रमातला आवाज लावला. "बातमी कुणी दिली, कुणी नाही दिली, याबद्दल आम्ही काहीच बोलत नसतो, बाई. तत्त्वाचा प्रश्न आहे."

"हो, हो, बरोबर आहे तुमचं," त्या म्हणाल्या, आणि असं विचारल्याबद्दल त्यांनी माझी माफी मागितली.