फळ्यामागचा कागद

मी एक जुना पांढरा फळा आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने संशयी आहे. हातात मार्कर घेतलेला माणूस मला आधी लबाडच वाटतो.

2011 साली ऑकलंडच्या अल्बनी उपनगरात चंद्रहासने मला आपल्या गॅरेजमध्ये टांगलं. तो आयटीतला माणूस. आधी टोरांटोत होता, तिथून आइस हॉकीचं वेड घेऊन इकडे आला. दर रविवारी मित्र जमत. तिकडच्या व्यावसायिक खेळाडूंमधून प्रत्येकाने आपला संघ निवडायचा, त्यांचे खरे पगार माझ्यावर मांडायचे आणि बेरीज तिकडच्या हॉकी लीगने ठरवलेल्या पगाराच्या मर्यादेत बसवायची. बेरीज वर गेली की संघ बाद. करार संपलेला खेळाडू जुलैत कुठेही जायला मोकळा होई. त्याला ठेवायचं की सोडायचं, हे मात्र त्याचा नवा पगार कळण्याआधीच सांगावं लागे. सगळी भांडणं तिथेच होत.

नितीश चंद्रहासचा सगळ्यात जवळचा मित्र, आणि माझा सगळ्यात जास्त संशय त्याच्यावरच. बाकीचे चहाला आत गेले की हा हळूच माझे फोटो काढायचा. चंद्रहासने एकदा ते दारातून पाहिलं होतं.

2013 मध्ये लीगने मर्यादाच खाली आणली. चंद्रहासच्या लाडक्या, वय झालेल्या गोलीचा, म्हणजे गोलरक्षकाचा, करार नेमका तेव्हाच संपला.

"ठेव त्याला," नितीश म्हणाला. "सगळ्याच टीम्सचे हात बांधलेत. ह्या वयात त्याला जास्त कोण देणार? कमी घेऊन तिथेच राहील."

"आणि हीप्स, ढिगाने पैसे मागितले तर? माझी अख्खी टीम आउट!"

"अरे, फळ्याच्या मागे बघ तरी एकदा."

चंद्रहासने बघितलं नाही. हा आपल्याला बुडवायला बसलाय, असं त्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं. माझ्या पाठीला काहीतरी चिकटवलेलं होतं. मलाही त्यात काळंबेरंच दिसलं. त्याने गोलीचं नाव पुसलं.

आठवड्याभरात बातमी आली. गोली कमी पगारात जुन्याच संघाकडे राहिला होता. चंद्रहासचा तिळपापड झाला. आपण उलटंच करू हे ओळखून नितीशने मुद्दाम तसं सुचवलं, असं त्याला वाटलं.

"चोरून फोटो काढतोस माझ्या आकड्यांचे! लाज नाही वाटत?" सगळ्यांसमोर तो ओरडला.

नितीशने कप खाली ठेवला, दाराशी काढलेल्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घातल्या आणि तो निघून गेला. पुढे तो अप्पर हट नावाच्या दूरच्या शहरात राहायला गेला. रविवार बंद पडले. माझ्यासमोर रंगाचे डबे रचले गेले.

2019 मध्ये घर बदलताना चंद्रहासच्या बायकोने, अनुराधाने, मला खाली उतरवलं आणि तो कागद पडला. अक्षर नितीशचं होतं. फोटोंवरून त्याने चंद्रहासचाच संघ जुळवला होता. दोन राखीव खेळाडू सोडून, गोलीचा जास्त पगार धरूनही, त्याला जागा केली होती. खाली लिहिलं होतं, 'चंदू, सोडू नकोस त्याला. आता मर्यादेत बसतोय.'

मला फार लाज वाटली. सहा वर्षं तो कागद माझ्याच पाठीवर होता.

"अनु, नितीशचा नंबर आहे का गं?" कागद वाचून चंद्रहासने विचारलं.

"जुना आहे. बदलला नसेल तर."

मित्रांनो, मला ओल्या फडक्याने खुशाल पुसा. पण कुणाचं नाव पुसण्याआधी त्याला एकदा विचारा. चंद्रहासने जुनाच नंबर लावलाय. रिंग वाजतेय. नितीश उचलेल का, याची मला शंकाच आहे. माझी ही शंकाही खोटी ठरो.