वाघजाईच्या झऱ्याचा पाईप

खाणीनं नाडलेल्या लोकांची मदत खाणीच्याच ट्रकमधून न्यायची, हे मला कधीच पटलं नाही. पण सड्यावर, डोंगरमाथ्याच्या पठारावर, जाणारं दुसरं वाहनच नव्हतं. एस.टी. फाट्यावर सोडून द्यायची, आणि तिथून पुढं वर जायचे ते फक्त बॉक्साइट भरायला निघालेले रिकामे ट्रक. त्यातल्या एकावर दिलदार नावाचा ड्रायव्हर होता. कोल्हापुरात आमच्याच गल्लीत राहायचा, मला आपा म्हणायचा. काळ्या प्लास्टिक पाईपची भेंडोळी त्यानं मागं टाकली आणि मला पुढं बसवलं.

"आपा, एवढ्याशा पाईपनं काय हुनार हाय?"

"तू गाडी चालव," मी म्हणाले.

चिडले, कारण त्याचं खरं होतं. आमची संस्था शाहूपुरीतली, दोन खोल्यांची. खाणींमुळे हाल झालेल्या वस्त्यांना छोटी छोटी अनुदानं द्यायची, एवढंच तिचं काम. कुठं विहिरीला कठडा, कुठं शाळेवर पत्रे. आमचे सेक्रेटरी गणपतराव प्रत्येक बैठकीत सांगायचे, की लहान पैसा लोकांच्या हातात राहतो. त्या वाक्याचा मला वीट आला होता. तिकडं खाण डोंगर उचलून नेत होती आणि आम्ही मागं कठडे बांधत बसलो होतो.

सड्यावर आल्यावर पल्याडच्या धनगरवाड्याच्या बाजूला चुन्यानं रंगवलेले दगड दिसले. ओळीनं पार वाड्याच्या झऱ्यापर्यंत गेले होते.

"ते कशाला?" मी विचारलं.

"म्होरल्या सालच्या खोदाईची हद्द," दिलदार म्हणाला आणि त्यानं गिअर बदलला.

मला उतरायचं होतं ते अलीकडच्या धनगरवाड्यावर, धोंडुबाईच्या दारात. नवरा गेल्यापासून वाड्याचा कारभार तीच बघायची. खाण सुरू झाली आणि वाड्याखालचा ओढा लाल झाला. म्हशी ते पाणी पिऊन आजारी पडू लागल्या. बायका डोंगर उतरून घागरी आणायच्या आणि चढेपर्यंत अर्ध्या व्हायच्या. निम्मी घरं खाली गेली. धोंडुबाईचा मुलगा आकारामही बायकोला घेऊन शिरोळकडं ऊसतोडीला गेला होता. जाताना सांगून गेला होता, की दारात पाणी आलं तर पावसाआधी परत येईन, नाहीतर वाट बघू नकोस. म्हणून तिला हा पाईप हवा होता. तसं तिनं माझ्याजवळ उघड बोलून दाखवलं होतं.

या वाड्याजवळ नितळ पाणी एकाच ठिकाणी उरलं होतं. वाड्याच्या वर, वाघजाईच्या देवराईत. पण ते देवीचं. हंडा-घागर तिथं न्यायची नाही, पाणी राईबाहेर काढायचं नाही, असा रिवाज. वर्षातून एकदा कौल लावायला केरबा तांब्याभर पाणी घ्यायचा, तेवढंच. केरबा म्हणजे धोंडुबाईचा सख्खा दीर आणि वाड्याचा पुजारी. धोंडुबाई मला म्हणाली होती, "तुमी पाईप आना बाई. आईला मी बघती." मी पाईप आणला होता. मार्चअखेर आला होता, पाईप बसला नाही तर अनुदान परत जाणार होतं.

पाईप आणि चपला राईबाहेर ठेवून धोंडुबाई, केरबा आणि मी आत गेलो. आत गारवा होता. किती दिवसांनी अंगाला गारवा लागला, आणि मला तिथंच पाचोळ्यावर आडवं व्हावंसं वाटलं. केरबानं झऱ्यावरून तांब्या भरून आणला. त्या पाण्यात बोटं बुडवून त्यानं देवीच्या दगडाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची एकेक पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

धोंडुबाईनं हात जोडले. "आई, तुझं पानी चोरून न्हाय न्हेत. इचारून न्हेतोय. लेकरं घराकडं यायची हाईत. उजवा दे."

आम्ही बसून राहिलो. पाकळी पडेना. ना डावी, ना उजवी.

ऊन झाडांतून खाली उतरलं. एरवी पाणी सुकतं आणि पाकळी आपसूक सुटते, घटकाभराचं काम, असं केरबानंच मला मागं सांगितलं होतं. आज तो खाली मान घालून बसला होता. माझं डोकं तापायला लागलं. इतकी पायपीट, इतक्या बैठका, गणपतरावांचं ते वाक्य, आणि आता एका पाकळीसाठी अडून बसायचं!

"पुन्हा लावा की," मी म्हणाले.

"आई रुसलीया," धोंडुबाई म्हणाली. "आमच्यातनंच कुनाचं तरी चुकलं. ऊसतोडीच्या आदी आकाराम खाणीवर कामाला गेलता, त्याचा राग असंल. व्हय की न्हाय रं केरबा?"

केरबानं तांब्या मागं सरकवला.

"अरं बोल की! तुझ्यासंगं बोलती न्हवं ती?"

"वैनी," केरबा हळूच म्हणाला, "आकारामाचं काय चुकल्यालं न्हाय."

धोंडुबाई उठली. देवीला हात लावायचा मान तिचा नव्हता, तरी तिनं पुढं होऊन उजव्या पाकळीवर बोट ठेवलं. पाकळी हलली नाही. तिनं नखानं ती उचकटली, तेव्हा खाली लाल पापुद्रा होता. वाळून कडक झालेला चिखल. चिखलानं पाकळी दगडाला अशी धरली होती, की ती कधीच पडली नसती.

तिनं तांब्या उचलून पालथा केला. बुडाशी लाल गाळ बसला होता.

"कवापासनं?" तिनं विचारलं.

"दिवाळी झाल्यापासनं," केरबा म्हणाला. "वर सुरुंग लागलं तवापासनं. म्हनलं निवळंल. तुमाला कुठल्या तोंडानं सांगू? तुमी पाईपाची वाट बघत हुता."

मला वाटलं, ती आता त्याच्यावर ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती देवीसमोर बसली आणि पदरानं त्या दगडाचे खांदे पुसू लागली. पुसता पुसता म्हणाली, "माझी आई ती. मी म्हनतीया रुसली. रुसल कशाला? तिच्या बी तोंडात माती घातली की गं बाई."

मला रडू आलं. खाणीचा राग आला, आमच्या संस्थेचा आला, माझ्या पायांचासुद्धा आला. यायला फार उशीर झाला होता. आणि लवकर आले असते तरी मी काय आणणार होते? पाईपच.

राईबाहेर आल्यावर धोंडुबाईनं भेंडोळ्यांवरची धूळ झटकली. एकेक उचलून रस्त्याच्या कडेला नीट लावून ठेवली. आकारामाचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. मीही काढलं नाही.

"ह्यो परत न्हिऊ नगासा," ती म्हणाली. "आमच्या नावाचा हाय म्हनून हितं सडवू बी नगासा. पल्याडच्या वाड्याला द्या. त्येंच्या झऱ्याला अजून चांगलं पानी हाय. त्येंची तरी लेकरं घरात ऱ्हातील. द्याल न्हवं?"

ते पांढरे दगड माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. सांगायला तोंड उघडलं. ती माझ्याकडं बघत होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिचा चेहरा जरा मोकळा दिसत होता.

"देते, आक्का," मी म्हणाले.

दिलदारचा ट्रक भरून खाली आला. लाल दगडांच्या ढिगावर त्यानं भेंडोळी बांधली. मी शेजारी बसल्यावर त्यानं विचारलं, "कुठं न्यायचा ह्यो?"

"पल्याडच्या वाड्याला."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. "आपा, तितं तर..."

"तू गाडी चालव," मी म्हणाले.