अर्ध्या पट्टीचा फरक

पंचवटीतल्या भजनी मंडळात गोरक्षअप्पा पेटी वाजवत. हात बेताचाच, पण सूर हुकला तर चूक गाणाऱ्याची, हा त्यांचा नियम. आणि गाणारी बहुतेकदा त्यांचीच बायको, कुसाबाई. ती बिचारी मान डोलवून सुरात परत यायची.

ती गेली तेव्हा तिचा आवाज एकाच कॅसेटवर उरला. एक्क्याण्णव साली भरलेली गवळण, मागे अप्पांची हीच पेटी. दोन हजार आठ साली मुलानं, रोहितनं, ती कॉम्प्युटरवर उतरवली आणि उतरून होते न होते तोच फीत गुंतून तुटली. मग त्यानं हॉलमध्ये पुस्तकाएवढा छोटा कॉम्प्युटर बसवला. वरच्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवरची गाणी तो वायरीनं ओढून स्पीकरवर वाजवायचा. त्यातलं आवाज काढणारं साउंड कार्ड जुन्या बाजारातलं, दुरुस्त केलेलं. स्वस्तात मिळालं, हे रोहित पाहुण्यांना न विचारता सांगे.

अप्पा पेटी घेऊन साथीला बसले. सूर जुळेना. कुसाबाई वर, पेटी खाली. एक पट्टी चढून पाहिली तर पेटी वर, कुसाबाई खाली. दोन पट्ट्यांच्या मधोमध कुठंतरी ती गात होती. अप्पांनी हिशेब केला: कॉम्प्युटर चुकत नाही, कुसाबाई तर आता चुकूच शकत नाही. म्हणजे पेटी उतरली.

भद्रकालीत केरू पेट्या दुरुस्त करी. त्यानं सगळे सूर दाबून पाहिले.

"अप्पा, पेटी म्हातारी झाली तर एखाददुसरा सूर उतरतो. सगळे मिळून ठरवून उतरत नाहीत. तुमच्या मशीनला विचारा."

"तुला घासायचंय का दुसरीकडं जाऊ?"

केरूनं प्रत्येक सुराची पितळी पाती टोकाशी कानशीनं घासली आणि पेटी अर्धी पट्टी चढवून दिली. त्यानंतर दोन महिने अप्पा रोज संध्याकाळी बायकोबरोबर वाजवत होते. घरात कुणी त्यांना इतकं शांत पाहिलं नव्हतं.

घोटाळा पकडला सुनेनं. तृप्ती तासाभराचं प्रवचन लावून निवडटिपण करी, आणि ते रोज भिंतीवरच्या घड्याळापेक्षा पावणेदोन मिनिटं आधी संपे. तिनं तीन दिवस वेळ लिहून कागद रोहितपुढं ठेवला. त्यानं छोट्या कॉम्प्युटरचा डबा उघडला. कार्डाला ठेका देणारं आतलं घड्याळ दुरुस्तीत बदललं होतं, मिळेल ते बसवलं होतं. ते पळत होतं. त्यामुळं प्रत्येक गाणं घाईत आणि चढ्या सुरात निघत होतं. रोहितनं नवं कार्ड बसवलं.

कुसाबाई तिच्या आवाजात गायली. जरा सावकाश, जरा भरदार. अप्पांनी पेटीवर बोट ठेवलं आणि उचललं.

"अप्पा, जुनं कार्ड आहे अजून," रोहित खाली मान घालून म्हणाला. "गवळणीपुरतं लावून देऊ? पेटीशी जुळेल."

"नको. पेटीसाठी तिला पुष्कळ ओढली मी. आता पेटी खाली येईल."

केरूनं या खेपेला थट्टा केली नाही. सूर उतरवायचा तर पाती मुळाशी खरवडावी लागते. आधीच झिजलेल्या पात्या, काही तुटणारच, असं त्यानं बजावलं. अप्पा समोर बसून राहिले. पाच तुटल्या. तसलं जुनं पितळ आता मिळत नव्हतं आणि नवं त्यात जुळलं नसतं.

त्या पाच मुक्या पट्ट्या आल्या की अप्पा हात उचलतात. तेवढ्यापुरती कुसाबाई एकटीच गाते.