हरमलला जायची फटफटी

सहदेवने मडक्यात हात घालून फटफटीची साखळी बाहेर काढली. आदल्या दिवसापासून ती ठेचलेल्या बिंबलांच्या आंबट पाण्यात बुडवून ठेवली होती, आणि पाणी आता विटकरी झालं होतं. काथ्याची मूठ घेऊन तो एकेक कडी घासायला बसला. गंज सुटू लागला तशी त्याला शीळ वाजवायची हुक्की आली. कावेरी तांब्याने वरून पाणी ओतत होती.

"बघ गो," तो म्हणाला, "आणि चार दिवसांनी तुझ्या आवशीच्या दारात उभी करतंय हिका."

"घाई कशाक?" कावेरी म्हणाली. "नीट होऊंदे."

सहदेव मालवणच्या बंदरात लाँचींची इंजिनं दुरुस्त करायचा. कावेरी गोव्यातल्या हरमलची, माहेरी तिची एकटी आई. लग्न ठरलं तेव्हा त्याने बेळगावला लिलावात निघालेली लष्करातली फटफटी घेतली होती, सगळी पुंजी मोडून, आणि भर पंगतीत सांगितलं होतं, "हिका म्हायेराक फटफटयेर बसवन व्हरतलंय." सगळे हसले, नव्या नवरीनेही मान खाली घालून हसून घेतलं. पण वर्ष उलटायच्या आत गोव्याची सीमा बंद झाली. होडीने दिवसभरात गाठायचं हरमल विलायतेइतकं लांब गेलं. कावेरी किनाऱ्यावर मासे वाळत घालायची ती नेहमी दक्षिणेकडे तोंड करून, मग ऊन डोळ्यांवर आलं तरी बेहत्तर. सहदेव ते बघायचा आणि आपल्याला काही करता येत नाही याचीच त्याला जास्त लाज वाटायची.

फटफटी त्याने काही दिवस कुडाळपर्यंत, धामापूरपर्यंत फिरवली. मग त्याचं मन उडालं. जिच्यासाठी घेतली तिचीच वाट बंद, तर मिरवायचं कुणापुढे? माडाच्या झावळांच्या खोपीत ती उभी राहिली ती राहिलीच, आणि खारी हवा तिला हळूहळू खात गेली.

एकसष्ट सालच्या डिसेंबरात गोवा मोकळा झाला. वाडीतल्या गोव्याच्या सुना कुणी होडीने, कुणी यष्टीने माहेरी जाऊन आल्या. येताना डोळे सुजवून आणि सामानात फेणीची बाटली लपवून आल्या. सहदेवही म्हणाला, "होडयेन जावया? फाल्या सकाळीच?"

"तुमी म्हटलेलात फटफटयेर," कावेरी म्हणाली. "मी फटफटयेरच जातलंय."

सहदेवची छाती फुगली. बंदरावर भेटेल त्याला त्याने हे ऐकवलं, न विचारणाऱ्यालासुद्धा.

पण काम काही केल्या पुरं होईना. तो सुटे भाग घासायचा, धुवायचा, उन्हात सुकवायचा, होड्यांना लावतात ते माशाचं तेल चोपडून फळीवर ओळीने मांडायचा आणि कामावर जायचा. दोन दिवसांनी बघावं तर सगळ्यावर पुन्हा तांबूस लव. आधी त्याने खाऱ्या हवेला शिव्या घातल्या. मग त्याचा संशय तेल विकणाऱ्या भिकाजीवर गेला आणि एका दुपारी तो त्याच्या मांगराच्या खोपटात जाऊन भांडला.

"तेलात पाणी घालतंस रे?"

भिकाजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्या बापाशीन होडयेंका ह्याच तेल लावल्यान. तुझ्या फटफटयेक काय सोन्याचा होया?" त्याने तेलात ठेवलेला जुना गळ काढून सहदेवच्या तळहातावर ठेवला. गळ काळाभोर होता, गंजाचा ठिपकाही नव्हता. वर नवा डबा भरून दिला आणि पैसे घेतले नाहीत, एवढा तो चिडला होता.

सहदेव तसाच डबा घेऊन घरी आला. खोपीत कावेरी मांडी घालून बसली होती. मांडीवर फटफटीचं हँडल होतं आणि हातात तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा. ती हँडल पुसत होती. पुसायची, बोट फिरवून बघायची, बोटाला तेल लागलं की पुन्हा पुसायची. निजलेल्या पोराचं अंग पुसावं इतक्या हलक्या हाताने तिचं ते चाललं होतं.

तो माडाच्या आडोशाला थांबला आणि मग आवाज न करता बंदरावर परत गेला.

गंज कुठून येत होता ते त्याला कळलं, आणि फार लागलं. इतकी वर्षं आपण हिच्या माहेरासाठी झुरलो आणि हिला जायचंच नाही! की आपल्या मागे बसायचंच नाही? विचारलं असतं तर तिथल्या तिथे उलगडा झाला असता, पण सहदेव रागावला की त्याची वाचा बसायची. दुसऱ्या दिवसापासून तो एकेक भाग फडक्यात गुंडाळून भिकाजीच्या मांगरात नेऊ लागला. भांडण विसरून भिकाजीने त्याला जागा दिली. इकडे फळी रिकामी होत गेली. कावेरी रोज तिच्यावरून हात फिरवून धूळ पुसायची, पण तिनेही काही विचारलं नाही.

एका सकाळी सहदेव फटफटीवर बसूनच घरी आला. आवाजाने वाडी बाहेर आली, पोरं मागे धावली. कावेरी हात पुसत दारात आली.

"बस," तो म्हणाला. इंजिन चालूच होतं. "आत्ताच्या आत्ता. हरमलाक."

चार माणसांदेखत तिला नाही म्हणता येणार नाही, हे त्याने वाटेतच ठरवून ठेवलं होतं.

कावेरी जवळ आली. तिने पुढच्या चाकापासून दिव्यापर्यंत सगळं बघितलं, हँडलवर हात ठेवला. मग ती वळली आणि घरात न जाता विहिरीकडे गेली. कळशी सोडली, ओढून वर घेतली आणि नेसत्या लुगड्यानिशी, केस न सोडता डोक्यावर ओतली.

बायका विहिरीकडे सरकल्या. एकीने पदर तोंडाशी नेला. कुणी गेल्याचं कळलं की बाई अशी आंघोळ करते, हे वाडीत कुणाला सांगावं लागत नाही.

सहदेवने इंजिन बंद केलं आणि तो विहिरीपाशी गेला.

"कोण गो?"

"आवस."

"कधी?"

"दोन पावस झाले. ती सावित्री कासारीण चोरवाटेन येय ना, तिणा सांगल्यान. बांगडयो भरता भरता."

"आणि माका सांगूक नाय?"

"सांगल्यार आंघोळ करूची लागली असती." तिने तोंडावरचं पाणी निपटलं. "वाट बंद होती तवसर ती थंय आसा, माझी वाट बघता, असा मनाक सांगूक येय होता. मगे गोवा सुटलो. आणि तुमी तर एकेक सामान लख्ख करीत सुटलात."

एवढं बोलून ती विहिरीच्या कठड्याला टेकली आणि रडू लागली. दोन वर्षांचं रडं होतं ते, आवरायचं तिने मनातही आणलं नाही. सहदेवने तिच्या हातातली कळशी घेऊन विहिरीत सोडली. आपल्यासाठीच काढतो आहे असं वाटून तिने मान पुढे केली. त्याने ती कळशी सदऱ्यासकट स्वतःच्या अंगावर ओतली.

दोघांच्याही अंगावरून पाणी निथळत होतं.

"जावया तरी," तो म्हणाला.

"आता कोणाकडे?"

सहदेवने कळशी परत विहिरीत सोडली, या खेपेला तिच्यासाठी.