शिक्क्यावर जळणारी बंदूक

डुकराने मरण्याआधी अर्जात आपलं नाव नोंदवावं, असं ज्याने ठरवलं, त्याने आयुष्यात एकदाही डोंगर चढलेला नाही.

मी बंदूक बोलतेय. कारखान्यातली नाही. डोंगरात राहणाऱ्या आम्हा बुनुन आदिवासी शिकाऱ्यांना घरी बनवलेलीच बंदूक वापरता येते, असा कायदा आहे. माझा मालक उमास, त्याने लोखंडी पाइप कापून माझी नळी केली, लाकूड तासून दस्ता बसवला. पावसात मी रुसते, धूरही फार काढते. तरी बावीस वर्षं त्याने मलाच खांद्यावर घेतलं. चांगलं स्वप्न पडलं, म्हणजे शिकारीचा शकुन झाला, की माझ्यावरून हात फिरवायचा आणि निघायचा.

मग आमच्यामध्ये कचेरीतला शिक्का आला.

सण पाच दिवसांवर होता. गावात वाटायला शिकारीचं मांस हवं होतं. परवानगीसाठी आणि माझ्या तपासणीसाठी उमासने मला पोत्यात गुंडाळून कचेरीत नेलं. टेबलावर तो शिक्का बसला होता. बोटभर लाकूड! ना बंदुकीच्या दारूचा वास, ना रक्ताचा. आणि माझा उमास त्याच्याकडे आशेने बघत होता. माझं अंग जळलं.

"कोणता प्राणी? किती मारणार?" कारकुनाने विचारलं.

"हळू बोल रे! ऐकतील ती," उमास म्हणाला. शिकारीआधी जनावराचं नाव घेतलं की ते पाठ फिरवतं, हे आमच्यात पोरंसोरंही जाणतात.

"बाबा, दोन लिहा नि मोकळे व्हा," सोबत आलेली उमासची मुलगी पुनी कुजबुजली.

"आणि डोंगराने तीन दिली तर?"

"काका, तिसरं बेकायदा," कारकून म्हणाला.

"एकही नाही दिलं तर?"

"ते चालेल."

"चालणारच! उपाशी तू थोडाच राहणार आहेस?"

उमासने रकाना कोरा ठेवला. शिक्का उमटला नाही. खरं सांगते, उमासवर काय ओढवेल याचा विचारही माझ्या मनात आला नाही. त्या लाकडाची जिरली, एवढ्यातच मी खूश होते.

दोन दिवसांनी स्वप्न पडलं. आम्ही गेलो. एक रानडुक्कर मिळालं. उतरताना पोलिसांनी अडवलं.

आता मी चौकीच्या कपाटात आहे. गळ्यात चिठ्ठी, चिठ्ठीवर गोल शिक्का. उमासवर खटला चाललाय आणि सण मांसाविना गेला. हा डोंगर कचेरीच्या आधीपासून आमचा आहे, एवढं तरी कुणीतरी न्यायाधीशाला सांगा.

पकडलं त्या दिवशी हवालदार मोठ्याने म्हणत पंचनामा लिहीत होता, "डुकराचा मालक, सरकार."

चौकी झाडणारी म्हातारी सावी कंबरेवर हात ठेवून थांबली. "सरकारचं होतं? मग ते माझी रताळी उकरून खात होतं, तेव्हा का नाही आलात त्याला न्यायला?"