हेडावरचं नाव

आमच्या तात्यांना कुणाचाच भरवसा न्हाय. ऊस कारखान्याच्या काट्यावर न्यायच्या आधी बाहेरच्या काट्यावर तोलून घेत्यात. आईनं चहा दिला तर साखर किती घातली ते इचारून मग कप तोंडाला लावत्यात. अशा माणसाच्या पोटी मी, दिग्विजय, जन्माला आलो आन् मला नाद लागला रेसच्या गाडीचा. भोगा आता.

गाडी जुनी अमेरिकन, आठ सिलिंडरची. चार-चार सिलिंडरच्या दोन रांगा, आन् दर रांगेवर एक हेड, म्हंजे इंजिनाचं वरचं जड झाकणच म्हणा. रविवारी पुण्याकडं रेस हुती. वरीसभर मी तिच्याचसाठी जीव टाकत हुतो. गाडी पळवायची तर दोन्ही हेडं आन् कॅमशाफ्ट, म्हंजे इंजिनाच्या झडपा उघडझाप करणारा दांडा, बदलायलाच पायजे हुता. माल परदेशातनं मागवला. बसवणार भीमा. भीमा आमच्या कळसचाच, आईच्या हातचं खाऊन माझ्यासंगं वाढलेला. आता बारामतीत त्याचं गॅरेज हाय, आन् त्याच्यासारखा हात आसपास कुणाचा न्हाय.

तात्या म्हणाले, हात चांगला हाय म्हणूनच जपायचं.

मी हसण्यावारी नेलं. पण गाडी आन् माल त्याच्या हवाली केला आन् चार रोजांनी भावकीतला अजित सांगत आला, की डाळजच्या हॉटेलात चहा पिताना त्यानं भीमाला बघितलं. टेम्पोत आपली हेडं, आन् टेम्पो सोलापूरच्या वाटंला. मी लगोलग फोन लावला, हेडं कुठायत इचारलं. भीमा म्हणाला, हायत रं, काळजी नको करू. कुठं हायत ते बोलला न्हाय. झालं! नवी हेडं तिकडं इकून आपल्या गळ्यात जुनी मारली तर? तात्यांनी नुसती मान हलवली. त्याचाच मला जास्त राग आला.

शुक्रवारी भीमानं गॅरेजवर बोलावलं, तात्या बी संगं आले. गाडी सुरू केली तर इंजिन जागेवर धडधडत, अडखळत चालत हुतं. रेसच्या कॅमशाफ्टचं तसंच असतंय, एकदा पळायला लागलं की सरळ हुतंय, हे मला ठावं हुतं. पण तात्यांनी कान दिला आन् म्हणाले, हे तर लंगडतंय. मग मला बाजूला घेऊन त्यांनी पोटातलं ओठावर आणलं. पार्सल घरी आलं तवाच त्यांनी दोन्ही हेडं गुपचूप इंदापूरच्या बाजारात नेली हुती. तितं भांड्यांवर नावं घालणारा बसतो. आमच्या पातेल्यांवर हाय तसंच सवताचं नाव, 'मोहनराव, कळस', त्याच्याकडनं कोरून आणलं. कुठं, तर आतल्या सपाट, चकाकत्या बाजूला. बसवल्यावर ती बाजू दिसत न्हाय, म्हणून खोलूनच बघायचं.

तात्यांनी भीमाला हेडं खोलायला सांगितलं. भीमा फडक्यानं हात पुसत हुता. शांतपणानं म्हणाला, "काय बघायचंय ते सांगा, तात्या. जमलं तर न खोलता दावतो. एकदा खोललं की मधलं पॅकिंग वाया जातंय. नवं यायला आठवडा लागंल, आन् रविवार बुडंल."

"चोराला खूण सांगत न्हायत," तात्या म्हणाले.

भीमानं माझ्याकडं बघितलं. लहानपणापासनंचा दोस्त माझा. माझ्या तोंडून एक शब्द निघाला असता तर सगळं तितंच मिटलं असतं. पण डाळजचा तो टेम्पो काय डोळ्यापुढनं हलंना.

"खोल," मी म्हणालो.

त्यानं पाना उचलला. दिवस कलंपर्यंत एक-एक बोल्ट काढत गेला, अगदी रांगेत मांडून ठेवत गेला. मग डावीकडचं हेड उचललं आन् तात्यांच्या पुढ्यात उपडं ठेवलं. सपाट बाजू आरशासारखी कोरी. नावाचा पत्ता न्हाय. तात्यांचं तोंड असं उजळलं, की ऊस तोलताना काट्याची चोरी सापडलीय जणू. "माझं नाव कुठाय?" त्यांनी इचारलं.

भीमानं हेड आडवं फिरवलं आन् बाहेरच्या टोकावर बोट ठेवलं. तितं, सुबक अक्षरात, 'मोहनराव, कळस'.

"ती सपाट बाजू खाली चेपून बसती, तात्या. तितं कोरलेलं असलं तर सिलिंडरचा दाब तिथनंच फुटतोय. मला वाटलं, पोराच्या गाडीवर तुमी हौसेनं नाव घातलंय. सांगितलं असतं तर चारचौघांत तुमचं हसं झालं असतं. म्हणून सोलापूरला नेऊन तेवढं घासून घेतलं, आन् नाव हिकडं घातलं. बॅटरी मारून वाकला असता, तर न खोलता दिसलं असतं."

पार कडंला, जितं काय बिघडत न्हाय तितं, तात्यांच्या जुन्या 'क'चं पुसट शेपूट अजून ऱ्हायलं हुतं. तात्यांनी त्याच्यावरनं अंगठा फिरवला, परत फिरवला. मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मी भीमाचा हात धरायला गेलो, तर त्यानं तो फडक्यात गुंडाळून घेतला.

"पॅकिंग मागवून देतो," तो म्हणाला. "पण बसवायला दुसरा बघ, दिग्विजय. आन् गाडी न्या."

उघडं इंजिन, सुटं हेड पोत्यात. रविवारी, बाकीच्या गाड्या पुण्याकडं रेसला उभ्या असताना, आमी आमची गाडी ट्रॅक्टरला दोरानं बांधून बारामतीवरनं कळसला वढत चाललो हुतो. म्होरं ट्रॅक्टरवर तात्या, मागं गाडीत स्टिअरिंग धरून मी. तात्या सारखे मागं वळून बघत हुते. शेवटी मी खिडकीतनं डोकं काढलं आन् वरडलो, बघा तात्या, खुशाल बघा. आता चोरीला जायासारखं काय बी ऱ्हायलं न्हाय.