पाच दिवसांचा फोन

मी लोकांचे अर्ज लिहून देतो. कचेरीच्या जिन्याखाली माझं टेबल आहे, त्यावर कॉम्प्युटर, एक खोकणारा प्रिंटर, आणि समोर गिऱ्हाइकांसाठी बाक. नळाच्या, भिंतीच्या, वारसाच्या, शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या, सगळ्या तक्रारी तीस वर्षांत लिहून झाल्या. लोक मला अर्जकाका म्हणतात. माझं प्रत्येकाला एकच सांगणं असतं: तोंडी बोलू नका, लिहून द्या आणि पोच घ्या. आपला कागद मिळाला, असं समोरच्याने सही-शिक्क्यानिशी कबूल केलं पाहिजे. बायको होती तेव्हा म्हणायची, "ह्यांना जेवायला वाढलं तरी पोच मागतील."

अशा माणसाचं घरात कोणाशी पटणार? माझी धाकटी बहीण, आम्ही तिला बारकी म्हणतो, चार वर्षं माझ्याशी बोलत नव्हती. मीही तिच्याशी बोलत नव्हतो. आमच्या घराण्यात भांडणात आरडाओरडा होत नाही, अबोला होतो. वडील आणि काका एका घरात अकरा वर्षं न बोलता राहिले. मीठ हवं असलं तरी निरोप आम्हा पोरांमार्फत जायचा.

आमच्या अबोल्याचं कारण आई. आई गेली तेव्हा बारकी वाटेत होती आणि तिची गाडी दोन तास उशिरा होती. मी थांबलो नाही. ठरलेली वेळ टळू नये म्हणून आईला अग्नी देऊन मोकळा झालो. बारकी पोचली तेव्हा घरात रिकामी खाट होती. ती खाटेच्या कडेला बसली, पाण्याचा घोटही न घेता उठली आणि गेली. वेळ माझी बरोबर होती, असं मी चार वर्षं स्वतःला बजावत होतो. आणि रोज संध्याकाळी दाराशी चपला काढताना वाटायचं, आज तरी तिने फोन करावा. आपण करावा, हे मात्र सुचायचं नाही.

शनिवारी मी नवा फोन घेतला. सोमवारी दुपारी त्यावर बारकीचं नाव उमटलं.

"बोल," मी म्हणालो. आवाज मी मुद्दाम कोरडा ठेवला.

"हॅलो? दादा?"

"बोलतोय ना मी."

"हॅलो? दादा, मी आहे."

मी आणखी दोनदा उत्तर दिलं. तिने फोन ठेवून दिला. लहानपणी मी काही ऐकवायला लागलो की ही कानात बोटं घालून 'ऐकू येत नाही, ऐकू येत नाही' करत घरभर फिरायची. मला वाटलं, पन्नाशी उलटली तरी खोड गेली नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते काही उगाच नाही. म्हटलं, करू दे नाटकं.

तिकडे तिला वाटलं, दादा फोन उचलतो आणि मुद्दाम तोंड उघडत नाही. दुसऱ्या कुठल्याही घरातल्या माणसांच्या डोक्यात आधी आलं असतं की फोन बिघडला असेल. आमच्या घरात मात्र गप्प बसणं कोणालाही शोभून दिसायचं.

गुरुवारी साडेबाराला तिचा पुन्हा फोन आला. या वेळी ती हॅलोसुद्धा म्हणाली नाही. आवाज घोगरा, खरवडल्यासारखा.

"दादा, नको बोलूस. पण ठेवू नकोस, ऐक. माझ्या घशात गाठ आहे. उद्या नऊला ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, स्वरयंत्रच काढावं लागणार. म्हणजे त्यानंतर आवाज नाही."

"कसली गाठ? कुठे आहेस तू? बारके!"

"आता फोन काढून घेतील. उद्या आठला पाच मिनिटं देतो म्हणालेत, तेव्हा करीन. तेव्हा तरी बोल रे. मला तुझ्याशी बोलायचंय, माझ्या आवाजात."

मी जिन्याखाली बोंबलत होतो, बाकावरची दोन माणसं उठून उभी राहिली होती, आणि ती रिकाम्या खोलीशी बोलल्यासारखं "बरं" म्हणाली. फोन बंद झाला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला: मला तिचं ऐकू येत होतं, माझं तिला जात नव्हतं.

उलट फोन लावला तर तिचा बंद. मेसेज लिहायला घेतला. हजारो अर्जांचे मायने तोंडपाठ असलेला मी, पण बहिणीला काय मायना लिहावा इथेच अडलो. 'प्रिय' लिहिलं, खोडलं. मग म्हटलं, सकाळी आठला तोंडानेच बोलू. फोन आजच्या आज बदलून घ्यायचा. बिल घेतलं आणि दुकान गाठलं.

काउंटरवर चष्मा लावलेली एक मुलगी होती. तिने माझ्या फोनवरून स्वतःच्या फोनवर कॉल करून पाहिला आणि नकारार्थी मान हलवली. "माइक गेलाय, काका. कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात पाठवायला लागेल. पंधरा दिवस."

"पाच दिवसांपूर्वी घेतलेल्या फोनला दुरुस्ती कसली? वस्तू मुळातच सदोष निघाली. मी ती कंपनीकडून नाही, तुमच्याकडून घेतली. बदलून द्या, नाही तर पैसे परत करा."

"बिलाच्या खाली बघा ना, विकलेला माल परत घेतला जाणार नाही."

"तुम्ही छापलंत म्हणून माझा हक्क जातो का?"

तिने सुस्कारा टाकला. "मी काय करू, काका? बदलून द्यायला साहेबांची सही लागते. ते सातपर्यंत येतील. तोवर असं करा, हा आमचा वापरायचा फोन न्या. तुमचं सिम यात घालून देते. फक्त या कागदावर सही करा."

मी कागद वाचला. 'दुरुस्तीस संमती आहे व पर्यायी फोन मिळाला.' मला हसूच आलं. असल्या कागदावर सही केलेली माणसं नंतर माझ्या बाकावर येऊन रडतात. संमती दिली की बदलून मागायचा हक्क लंगडा पडतो. मी कागद तिच्याकडे सरकवला, पिशवीतून कोरा कागद काढला आणि काउंटरवरच मुद्देसूद तक्रार लिहिली: खरेदीची तारीख, दोष, मागणी. तिने फोन तपासणीसाठी जमा करून घेतला, आतल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. मी पोच मागितली. सही, शिक्का, वेळ, सगळं मिळालं. पोच घडी करून खिशात ठेवली आणि दारापाशी स्टुलावर बसून राहिलो. खरं सांगतो, तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

सात वाजता साहेबांचा निरोप आला, आज येत नाही, उद्या दहाला येतो.

"मग माझा फोन द्या. माझं सिम आहे त्यात."

मुलीचा चेहरा उतरला. "कपाटाची दुसरी किल्ली साहेबांकडे असते, काका. उघडायला दोन्ही किल्ल्या लागतात. म्हणून तर म्हणत होते..."

ती काय म्हणत होती ते मला आठवत होतं.

सकाळी साडेसातला मी बंद शटरसमोर उभा होतो. घरी थांबून तरी काय करणार होतो? बारकीचा नंबर मला पाठ नव्हता, तो त्या फोनातच होता, आणि दवाखाना कुठला तेही ठाऊक नव्हतं. आठ वाजले. मी शटरला कान लावला. सायकलवरून जाणारा दूधवाला थांबून बघायला लागला, मी त्याला हाताने जा म्हटलं. आत काही वाजत असलं तरी कपाटातून, भिंतीपलीकडून माझ्यापर्यंत काय येणार? तरी मी सव्वाआठपर्यंत कान काढला नाही. पत्रा गार होता. दोन शब्द, बारके, फक्त दोन शब्द बोल, असं मी त्या शटरला म्हणत होतो.

साहेब दहाला आले. भला माणूस निघाला. माझा अर्ज वाचून म्हणाला, "काका, तुमचं बरोबर आहे, एकदम बरोबर," आणि दहा मिनिटांत नवा फोन समोर ठेवला. जुना कपाटातून काढला तेव्हा त्यावर तीन न उचललेले फोन होते. आठ वाजून दोन, आठ वाजून पाच, आठ वाजून नऊ.

मी तिथूनच फोन लावला. भाचीने उचलला. "मामा? तुमचा आवाज येतोय! आईला मघाशीच आत नेलं."

संध्याकाळी भाचीने कळवलं, स्वरयंत्र काढावं लागलं. गाठ पूर्ण निघाली, जीव वाचला. मी देवाचे आभार मानले आणि मग भिंतीकडे तोंड करून लहान पोरासारखा रडलो. बहीण जगली, यापुढे काय हवं? तरी हवं होतं. तिने एकदा 'दादा' म्हणावं, आणि मी 'ओ' दिलेली तिला ऐकू यावी, एवढंच हवं होतं.

सहा दिवसांनी भाचीचा फोन आला. "मामा, आई शुद्धीत आहे, बसलीये. तिला सगळं ऐकू येतं. फोन स्पीकरवर ठेवलाय. काही सांगायचं असेल तर ती वहीत लिहील, मी वाचून दाखवीन. बोला."

 पलीकडे खोलीतला पंखा ऐकू येत होता.

"बारके," मी म्हणालो, "मी बोलत होतो गं. दोन्ही वेळा बोलत होतो. फोन खराब निघाला. तिसऱ्या वेळी तो कपाटात होता, ते माझ्यामुळे. दुसरा फोन देत होते, मी घेतला नाही. हक्काचा हवा होता मला." मग एकदम तोंडातून निघून गेलं, "आईच्या वेळी थांबायला हवं होतं मी."

पेन्सिलीचा आवाज आला. बराच वेळ आला. मग भाची अडखळली.

"मामा, ती विचारतेय... आधीची चार वर्षं पण फोन खराब होता का?"

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"नाही," मी म्हणालो. "तो फोन चांगला होता."